एकदा झाला म्हणजे सुटलो?

'मला कोरोना होऊन गेलाय, आता काय होतंय?' हे परभणीत पारावर अजूनही ऐकू येते. या विषाणूच्या डेल्टा या प्रकारापर्यंत त्यात तथ्य होते; आधीच्या संसर्गामुळे पुन्हा लागण बऱ्यापैकी टळत असे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन हा नवा प्रकार समोर आला आणि गणित फिरले. त्याच्या काटेरी प्रथिनात (ज्याच्या आधारे विषाणू पेशीला चिकटतो) ३० हून अधिक बदल होते, त्यामुळे आधीच्या संसर्गातून शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांना (विषाणूला ओळखून अडवणाऱ्या प्रथिनांना) तो नीट ओळखताच येईना. गंभीर आजारापासूनचे संरक्षण मात्र त्या मानाने टिकले. घरात मधुमेही किंवा दमेकरी म्हातारे असतील, तर 'मला झालेलाच आहे' म्हणून त्यांच्याजवळ बिनधास्त बसू नये. चाचणीची सोय तालुक्यालाही चालू असावी.

— एक वाचक, परभणी