हेड उघडण्याआधी अंगठा लावून पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या दारात 1974ची अँबेसिडर आहे, वडिलांच्या वेळची. मागच्या दिवाळीत इंजिनाच्या ब्लॉकला तडा निघाला, म्हणून कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून तसेच 1489 सीसीचे दुसरे इंजिन आणून बसवले. इंजिन बसले, पण गाडी सुरू होईना. स्टार्टर जोमात फिरायचा, पेट्रोलचा वास सुटायचा आणि मधूनच कार्ब्युरेटरमधून लवंगी फुटल्यासारखा आवाज यायचा. गॅरेजवाल्याने तीन दिवसांत कार्ब्युरेटर दोनदा खोलला, कॉईल बदलली, कंडेन्सर बदलला. चौथ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, वाल गेलेत. हेड उघडावं लागेल. साडेआठ हजार धरा." (वाल म्हणजे व्हॉल्व्ह, इंजिनातल्या झडपा; हेड म्हणजे त्या झडपा असलेला इंजिनाचा वरचा भाग.)

मी साताऱ्यात 31 वर्षे हायस्कूलला विज्ञान शिकवले. फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही, पण हात कधी काळा केला नव्हता. साडेआठ हजारांनी तो करायला लावला.

गाडी टोचन करून घरी आणली. चारही प्लग काढले. भाच्याला पुढून हँडल फिरवायला सांगितले आणि एक नंबरच्या प्लगच्या भोकावर मी अंगठा दाबून धरला. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत आतल्या हवेने अंगठा असा उडवला की मी दचकलेच! तोच कॉम्प्रेशन स्ट्रोक. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा हवा दाबायला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला, आणि पुलीवरची खाच दोन्ही वेळा खुणेवर येते. नुसती खूण बघून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावणारा इथेच फसतो.

खाच खुणेवर आणून डेल्कोचे झाकण उघडले. (चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आमच्याकडे डेल्कोच म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.) आत फिरणाऱ्या रोटरचे तोंड एक नंबरच्या वायरीकडे हवे होते. ते होते बरोबर समोर, चार नंबरकडे! म्हणजे एक नंबरची ठिणगी नेमकी धूर बाहेर जाऊन नवे पेट्रोल आत येण्याच्या वेळी पडत होती. लवंगी फुटणार नाही तर काय होईल?

आता यात गॅरेजवाल्याची गफलत कुठे झाली ते सांगते, कारण ती कोणाचीही होईल. या इंजिनात डेल्कोच्या खालचा दांडा एका बाजूला सरकवलेल्या खाचेत बसतो, त्यामुळे डेल्को उलटा बसूच शकत नाही. मिस्त्री याच भरवशावर राहिला. पण ती खाच ज्या गिअरवर आहे, तो गिअरच आधीच्या कोणीतरी काढून अर्धा फेरा चुकवून बसवला होता. वरचे सगळे बरोबर, पाया उलटा.

गिअर काढण्याच्या भानगडीत मी पडले नाही. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्रम, 1-3-4-2. झाकणावर एकच्या जागी चारची वायर, तीनच्या जागी दोनची, आणि उलट. पॉइंटमध्ये, म्हणजे डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांमध्ये, फीलर गेजच्या पातळ पट्टीने 15 थाउचे (इंचाच्या हजाराव्या भागाला थाउ म्हणतात) अंतर ठेवले. मग कॉईलकडून येणारी पातळ वायर डेल्कोला जिथे जोडतात तिथे आणि बॉडीला मिळून 12 व्होल्टचा बल्ब लावला. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो, आणि ठिणगीही त्याच क्षणी पडते. पुलीची खाच खुणेच्या काही अंश अलीकडे ठेवून, बल्ब पेटेल त्या क्षणापर्यंत डेल्को हळूहळू फिरवला आणि बोल्ट आवळला. दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. भाचा नाचला, मी पायरीवर बसले.

वायरी बदलणे हा जुगाड आहे, असे तो मिस्त्री नंतर म्हणाला. असेल. ठिणगीला त्याने काही फरक पडत नाही. मात्र पुढच्या माणसाला कळावे म्हणून झाकणावर लाल नेलपॉलिशने 1 लिहिला आहे, आणि डॅशबोर्डच्या खणात चिठ्ठीही ठेवली आहे. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत करून आरसीवरचा इंजिन नंबरही बदलून घेतला. तेवढे कोणी विसरू नये.

हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. त्या गॅरेजातला विशीचा मुलगा हुशार आहे, नव्या गाडीला स्कॅनर लावून दोष मिनिटात सांगतो. पॉइंटचा डेल्को मात्र त्याने माझ्याच गाडीत पहिल्यांदा पाहिला. अँबेसिडर 2014मध्येच बनायची बंद झाली, त्याला कुठून दिसणार? आमचे तडा गेलेले जुने इंजिन डेल्कोसकट अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. भंगारवाला किलोच्या भावाने मागतो आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कोणत्याही आयटीआयला ते कापून मुलांना दाखवायला हवे असेल, तर फुकट घेऊन जावे. संस्थेने संपादकांच्या कार्यालयामार्फत मला कळवावे. उचलायला चार माणसे लागतील, एकट्याने येऊ नये.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा