मराठीवरचा आळ उतरवणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

शुद्धलेखन तपासायला केलेली आपली शब्दयादी चालायला लागली. 'पाऊस' लिहिलं की गप्प बसते आणि 'पाउस' लिहिलं की लगेच खाली तांबडी रेघ ओढते. ते बघताना आमच्यातल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुला फोनवर आभार मानून झालेत, पण तेवढ्याने माझं समाधान होईना. शिवाय हे चारचौघांत सांगायला हवं. मराठीचं काम करणारी आणखी कितीतरी माणसं याच जागी अडकलेली असणार, आणि जे आम्हाला ऐकवलं गेलं तेच त्यांनाही ऐकवलं जात असणार.

आम्ही सगळी निवृत्त माणसं. कोणी शाळेत मराठी शिकवलं, मी नारायण पेठेतल्या छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासली. शुद्धलेखनाचे मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, आम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगू. त्या नियमांना धरून शब्दांची यादी करायची, एका ओळीवर एक शब्द, आणि ती ज्याला हवी त्याला फुकट वापरू द्यायची, एवढीच आमची इच्छा. घरच्या विंडोजच्या मशीनवर, नोटपॅडमध्ये, एकेक शब्द दोघादोघांनी बघून ती यादी केली. क्ष आणि ज्ञ शेवटी, कोशात असतात तसे. मग तपासणीचा प्रोग्रॅम करून देणारी मंडळी गाठली, पैसे मोजून. त्यांनी यादी आपल्या सर्व्हरवर चढवली, तो विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर चालणारा, आणि जो शब्द लिहावा तो चूक! पाणी चूक, घर चूक, 'आई' चूक. 'आई'खाली तांबडी रेघ बघून माझ्या पोटात कसंसंच झालं.

त्या मंडळींनी कारण शोधलंच नाही. त्यांच्याकडे ते तयार होतं: "मराठी आहे ना, देवनागरीत हे व्हायचंच." कोणी म्हणालं फॉन्ट बदला. कोणी म्हणालं जोडाक्षरांचा घोळ आहे. 'घर' आणि 'आई' यांत कुठलं जोडाक्षर, हे विचारल्यावर "मॅडम, ते टेक्निकल आहे" असं उत्तर आलं. एकाने तर सगळी यादी रोमन लिपीत टाइप करून द्या असं सुचवलं. शुद्धलेखनाची यादी, रोमन लिपीत! आणि वाईट हे, की आम्ही त्यावर अर्धाअधिक विश्वास ठेवत गेलो. कारण मराठीच्या अडचणी खऱ्याही आहेत. 'दऱ्या' हा शब्द घे. त्यातला र दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्याला दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. अशी दोनचार खरी दुखणी असली की प्रत्येक दुखणं त्यांच्यावर ढकलणं सोपं जातं.

याहून जास्त लागलं ते आमच्या सरांचं. सरांकडे मुलाने दिलेला ॲपलचा मॅक आहे. त्यांनी एकदा यादीतले थोडे शब्द सुधारले, आणि जुनी-नवी यादी शेजारी ठेवून तपासली तर प्रत्येक ओळ बदललेली दाखवायला लागली. हजारो शब्द, सगळ्यांपुढे सरांचं नाव. त्या मंडळींनी सांगितलं, "ती फाइल बिघडलीय, काढून टाका. आणि सरांना म्हणावं हात लावू नका." चाळीस वर्षं शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाला हे सांगायला मी गेले नाही, पण ते त्यांच्या कानावर गेलंच. सर यायचे थांबले.

अशात तू आलीस. आठवडाभर हिंजवडीला जाऊन-येऊन दमलेली, रविवार सकाळ, आणि कर्वेनगरच्या आमच्या घरी दोन जिने चढून. खुर्चीत बसायच्या आधी तू विचारलंस, "काकू, एकही शब्द बरोबर म्हणत नाही? एकही?" हा प्रश्न आम्हाला तोवर कोणीच विचारला नव्हता. तू अख्खी यादीच त्या तपासणीच्या चौकटीत चिकटवलीस आणि हळूहळू खाली खाली जात राहिलीस. सगळीकडे तांबडं. आणि अगदी तळाशी, सर्वांत शेवटचा शब्द, 'ज्ञेय', स्वच्छ. खाली काही नाही. तू तिथे बोट ठेवलंस आणि हसलीस.

तुला तेव्हाच कळलं होतं. लगेच दुरुस्त करून चहा न घेता निघून गेली असतीस तरी आम्ही जन्मभर नाव काढलं असतं. पण तू तसं केलं नाहीस, आणि ज्यासाठी हे सगळं पत्र लिहितेय ते तू पुढे केलंस. तू नोटपॅडची नवी फाइल उघडलीस आणि मलाच म्हणालीस, "काकू, इंग्रजीतले कुठलेही तीन शब्द टाइप करा, एकाखाली एक." मी मँगो, रिव्हर, टेबल लिहिलं. तीच यादी तू सर्व्हरवर चढवलीस. मँगो चूक. रिव्हर चूक. शेवटचं टेबल तेवढं बरोबर. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "बघा, इंग्रजीलाही तेच होतंय. मराठीचा यात काही दोष नाही."

तुला त्या वाक्याचं वजन कळलं असेल की नाही, ठाऊक नाही, म्हणून सांगते. छापखान्यात लागले तेव्हापासून मी ऐकत आले की मराठीचं अवघड असतं. खिळ्यांच्या दिवसांत इंग्रजीला खिळे थोडे आणि मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून घरंच्या घरं भरलेली, म्हणून मराठी महाग. टाइपरायटर आला तेव्हा सगळी अक्षरं त्यावर मावेनात, म्हणून मराठी अपुरी. कॉम्प्युटर आला तेव्हा एका फॉन्टमधलं दुसऱ्या फॉन्टमध्ये वाचता येईना, म्हणून मराठी मागासलेली. २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले, आणि तरीही 'आई'खाली रेघ आली तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात पुन्हा मराठीच. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दुरुस्ती करायच्या आधी तिच्यावरचा आळ उतरवला. तोही माझ्या हाताने टाइप करवून, मला पटेल अशा रीतीने.

मग तू पडद्यावर तीच यादी दुसऱ्या तऱ्हेने दाखवलीस, आणि प्रत्येक शब्दामागे एक कॅरेटचं चिन्ह आणि एम (^M) उभा दिसला. 'आई'मागे तो, 'घर'मागे तो, 'ज्ञेय'मागे फक्त नाही, कारण शेवटच्या शब्दानंतर आम्ही एंटर दाबलंच नव्हतं. सर्व्हर बिचारा 'आई' शोधत होता आणि यादीत होतं 'आई' अधिक एक अदृश्य खूण. जुळणार कसं?

ती खूण कुठून आली हे तू सांगितलंस तेव्हा मला फार आनंद झाला, कारण तो इतिहास माझ्या हातांना माहीत होता. गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर मी काम केलंय. डावीकडचा दांडा ओढला की गाडा मागे समासाशी जातो आणि कागद एक ओळ वर सरकतो. एका हिसक्यात दोन कामं. तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या टेलिप्रिंटरवर त्या दोन कामांना दोन वेगळे संकेत लागत, गाडा मागे न्यायचा १३ आणि कागद सरकवायचा १०. गाडा गेला, टेलिप्रिंटर गेले, संकेत राहिले. युनिक्सवाल्यांनी फक्त १० ठेवला, तोच लिनक्सकडे आला आणि आताच्या मॅककडेही. अगदी जुन्या मॅकने फक्त १३ ठेवला होता. विंडोजच्या आधीच्या डॉसने दोन्ही ठेवले, विंडोजने ते पुढे चालवले. म्हणून आमच्या नोटपॅडमधला प्रत्येक ओळीमागचा १३ लिनक्सला शब्दाचाच भाग वाटला, तीच ती खूण. आणि नोटपॅडला नुसत्या १० च्या ओळी नीट दाखवता यायला २०१८ साल उजाडलं! यात वाईट कोणीच नाही. ज्याने त्याने आपला रिवाज पाळला. पण एकीकडची फाइल दुसरीकडे नेताना हे बघायचं असतं, एवढं ज्यांचं पोट या धंद्यावर आहे त्यांना तरी माहीत असायला हवं होतं. मला त्यांचा राग न जाणण्याबद्दल नाही. न बघता दोष देण्याबद्दल आहे.

आणि सर! त्यांच्या मॅकवरच्या प्रोग्रॅमने सेव्ह करताना प्रत्येक ओळीमागचा तो १३ काढून टाकला होता, म्हणून प्रत्येक ओळ बदललेली दिसत होती. एक अक्षरही बिघडलं नव्हतं. म्हणजे 'बिघडलेली' म्हणून जी फाइल काढायला लावली, नेमकी तीच चालणारी होती. हे मी सरांना सांगायला निघाले तर तू म्हणालीस, "थांबा, मीच बोलते." स्पीकरवर फोन लावलास आणि म्हणालीस, "सर, तुमचीच फाइल बरोबर होती." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. नंतर त्यांनी विचारलं, "पुढची बैठक किती वाजता?"

पुढचं तू काय केलंस ते सविस्तर लिहीत नाही, मला सगळं उमगलेलंही नाही. शब्दांच्या फोल्डरमध्ये तू गिटसाठी, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, एक छोटी फाइल ठेवलीस, एका ओळीची. तेव्हापासून कोणी विंडोजवर बसो की मॅकवर, साठवणीत ओळीचं टोक एकाच प्रकारचं राहतं आणि ज्याने जो शब्द बदलला तेवढाच त्याच्या नावावर दिसतो. तू पैसे घेतले नाहीस. पोहे मात्र दोनदा घेतलेस, ते बरं केलंस.

तुझ्या वयाची मुलं म्हाताऱ्यांना तोडून बोलतात, असं आमच्यात सारखं म्हटलं जातं. मी आता ते म्हणू देत नाही. समोरच्याला येत नाही म्हणून त्याला कमी न लेखणं, त्याच्या हातातला माऊस काढून न घेणं, आणि ज्याच्यावर खोटा ठपका आला त्याला स्वतःहून फोन करणं, हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवतात मला माहीत नाही. तुझ्या घरी शिकवलं असणार. आईला माझा नमस्कार सांग.

एक मागणं आहे. पत्रात नाव नको म्हणालीस, म्हणून घातलं नाही. पण यादी सगळ्यांसाठी खुली करू तेव्हा पहिल्या पानावर काम करणाऱ्यांची नावं देणार आहोत, आणि सरांचा आग्रह आहे की तुझं नाव त्यांच्या शेजारी असावं. त्याला नाही म्हणू नकोस. नावातला ऱ्हस्व-दीर्घ कसा लिहितेस ते कळव.

तुझी,
कर्वेनगरची काकू