भुकेसाठी वर्गणी नको, पट्टी हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध सुरू आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी अल फाशेर शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर केले. आपल्याकडे दुष्काळ म्हटला की पाऊस हुकलेला असतो, पण तेथील दुष्काळ वेढ्यातून आणि अडवलेल्या रस्त्यांतून आला. दुष्काळाच्या या घोषणेचा निकषही वाचकांनी समजून घ्यावा. किमान वीस टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची टंचाई असावी, तीस टक्के बालके तीव्र कुपोषित असावीत आणि दर दहा हजार माणसांमागे रोज किमान दोन मृत्यू होत असावेत, तेव्हा कुठे हा शब्द वापरला जातो. म्हणजे घोषणा होते तेव्हा माणसे आधीच मरू लागलेली असतात. २०११ मध्ये सोमालियात सुमारे २ लाख ६० हजार माणसे गेली, त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील मुले होती.

या निमलष्करी दलाने अल फाशेरला घातलेला वेढा उठवावा, असा ठराव सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्येच केला होता. तो कोणी पाळला नाही आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नागरिकांच्या संरक्षणासाठी मांडलेल्या ठरावाच्या बाजूने चौदा मते पडली, तरी रशियाच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला. नकाराधिकाराचा हा तिढा लवकर सुटेल असे मला वाटत नाही. पैशाचा प्रश्न मात्र सोडवता येण्यासारखा आहे आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा खर्च प्रत्येक सदस्य देशावर ठरलेल्या प्रमाणात आकारला जातो. ती पट्टी आहे, आणि दोन वर्षांच्या देण्याइतकी बाकी साचली तर आमसभेतील मताचा हक्कही जाऊ शकतो. २०२० चे नोबेल शांतता पारितोषिक मिळवणारा जागतिक अन्न कार्यक्रम मात्र पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर, म्हणजे वर्गणीवर चालतो. वर्गणी देणाऱ्याचे मन बदलले की पातेले रिकामे राहते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा सुदानमध्ये स्थानिक स्वयंसेवकांनी चालवलेली शेकडो सामुदायिक स्वयंपाकघरे बंद पडली. त्याच वर्षी जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांना जगभरच्या मदतीचे आवाहन ४४ अब्ज डॉलरवरून २९ अब्जांवर आणावे लागले. गरज तेवढीच होती. कोणाला आधी वाचवायचे, एवढेच नव्याने ठरले.

मी जत तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात माझे वय आठ वर्षांचे होते. आई खडी फोडायला जायची, आम्हाला कामावर सुकडी मिळायची आणि घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे एका प्रकारच्या ज्वारीच्या, भाकरी व्हायच्या. त्या मिलोने जीव जगवले, हे मी कधीच विसरणार नाही. पण आलेल्या धान्यावर महाराष्ट्र थांबला नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला आणि १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा हक्क झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी ती रक्कम दुष्काळी गावातल्या मजुराच्या हजेरीपटापर्यंत पोहोचत असे. पाऊस कमी झाला म्हणून कोणाकडे हात पसरण्याची वेळ येऊ नये, यासाठी पैसा आधीच बाजूला ठेवलेला होता.

हीच व्यवस्था जगाच्या पातळीवर आणता येईल. संयुक्त राष्ट्रांचा केंद्रीय आपत्कालीन निधी २००६ पासून आहे. त्याचे उद्दिष्ट वर्षाला एक अब्ज डॉलर ठरले आहे, पण तोही ऐच्छिक देणग्यांवरच अवलंबून असल्याने तिथवर कधी पोहोचला नाही. किमान एवढा निधी तरी शांतिसेनेच्या धर्तीवर आकारणीत आणावा. पट्टीचीही थकबाकी राहते, मोठ्या देशांचीच अधिक राहते, हे खरे. तरी थकबाकी मागता येते, वर्गणी मागता येत नाही. भारताने २०२१ मध्ये अफगाणिस्तानसाठी ५० हजार टन गहू देऊ केला होता, त्यामुळे हा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला आहे. महाराष्ट्रातील खासदारांनी रोजगार हमीचा अनुभव सांगत हा विषय संसदेत उपस्थित करावा आणि भारताने तो आमसभेत मांडावा, ही माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जत (जि. सांगली)