आई-बाबा, लॅबमध्ये दिवसभर काय चालतं ते

नागपूर

ती. आई-बाबांना सा. न.

आई, काकू विचारतात तेव्हा त्यांना काय सांगायचं हे तुला कळत नाही. बाबांचा प्रश्न वेगळा, पाचला सुटी होते तर खोलीवर पोचायला नऊ कसे वाजतात. दोन्हींचं उत्तर एकदाच सविस्तर लिहिते.

उंदराच्या मेंदूत एखादं प्रथिन नेमकं कुठल्या पेशींत आहे, हे रंगवून बघायचं, हे आमचं काम. किती प्राणी लागतील, तेवढेच का आणि वेदना कशी टाळणार, हे संस्थेच्या एथिक्स कमिटीला आधी लिहून द्यावं लागतं. मंजुरी मिळाल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावता येत नाही. आई, तुला हे जड जातं हे मला ठाऊक आहे. मलाही ते हलकं वाटत नाही. एक सेक्शन, म्हणजे मेंदूचा पातळ काप, हलगर्जीने फाटलं तर त्या जिवाचा तेवढा भाग वाया गेला, म्हणून पुढचं सगळं इतकं जपून करावं लागतं.

आदल्या दिवशी फिक्सेटिव्ह, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवणारं द्रावण, बनवायचं. एक लिटरला 40 ग्रॅम पॅराफॉर्मल्डिहाइड. पाणी 60 अंशांपर्यंत तापवून त्यात पावडर टाकली की दुधाळ दिसतं. मग सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब एकेक करून टाकायचे, पाणी नितळ होतं. त्यात फॉस्फेट बफर घालून पीएच 7.4 वर आणायचा, गाळायचं आणि फ्रिजमध्ये थंड करायचं. वाफ डोळ्यांना झोंबते आणि शरीराला घातक असते, म्हणून हे फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच करतो. बाबा, त्याबाबतीत निश्चिंत राहा.

प्राण्याला पूर्ण भूल चढली की नाही, हे पायाचं बोट चिमटून बघायचं. पाय जरासुद्धा आखडला तर थांबायचं. मग हृदयाच्या डाव्या कप्प्यातून आधी सलाइन आणि नंतर फिक्सेटिव्ह सोडतात. यकृताचा लाल रंग जाऊन ते फिकट पडलं की रक्त निघून गेलं असं समजायचं. नाकातून पाणी यायला लागलं तर सुई हृदयाच्या मधल्या पडद्यापार गेली आणि द्रव फुफ्फुसात चाललाय. तेव्हा लगेच सुई थोडी मागे घ्यायची. इथे घाई केली तर त्याचा फटका चार दिवसांनी बसतो. मेंदूत रक्त राहिलं तर तांबड्या पेशी स्वतःच तपकिरी रंग धरतात आणि प्रथिन नसलेल्या जागीही ते आहे असं वाटतं.

काढलेला मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा असतो. तो रात्रभर फिक्सेटिव्हमध्ये आणि मग 30 टक्के साखरेच्या द्रावणात ठेवतात. आधी तरंगतो, दोन-तीन दिवसांत तळाशी बसतो. बसल्याशिवाय गोठवायचा नाही, कारण आत उरलेल्या पाण्याचे बर्फाचे कण पेशी फोडतात आणि सेक्शनला भोकं पडतात.

क्रायोस्टॅट म्हणजे उणे 20 अंशांवरचं कापायचं यंत्र. सेक्शन 30 मायक्रॉनचं, केसाच्या साधारण निम्म्या जाडीचं. गोठवलेल्या मेंदूचा ठोकळा जास्त गार असेल तर ते तडकतं, कमी गार असेल तर पात्यावर गोळा होतं. ब्रशसुद्धा आतच गार करायचा, कारण बाहेरचा ब्रश लागला की सेक्शन वितळून त्याला चिकटतं. उन्हाळ्यात लॅबमध्ये कूलर लागला की हवा दमट होते. झाकण उघडं राहिलं तर पात्यावर लगेच दव गोठतं, म्हणून कापताना कूलर बंद. वीज गेली तर डीप फ्रीझरचं दार कोणी उघडायचं नाही, जनरेटर लागेपर्यंत फक्त तापमान लिहीत राहायचं.

बाबा, उशीर होतो तो रंगवायच्या दिवशी. दहा-दहा मिनिटांच्या तीन धुण्या, मग अर्धा तास हायड्रोजन पेरॉक्साइड, पुन्हा धुण्या, मग तासभर सीरम आणि त्यानंतर प्रायमरी अँटिबॉडी, म्हणजे आम्हाला हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारी, रात्रभर 4 अंशांवर. मध्ये कुठे सोडून उठता येत नाही, सेक्शन सुकलं की कडांना खोटा रंग धरतो. दुसऱ्या दिवशी सेकंडरी, म्हणजे त्या पहिलीला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी, आणि शेवटी डॅब, ज्याने तपकिरी रंग येतो. कृतीच्या कागदावर ‘रूम टेम्परेचर’ लिहिलेलं असतं ते 25 अंशांचं. नागपूरच्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत तो रंग कितीतरी लवकर चढतो. घड्याळावर विसंबलं तर सगळंच तपकिरी होतं, म्हणून मायक्रोस्कोपखाली बघत बघत गार बफरमध्ये थांबवायचं. दर वेळी एका सेक्शनला प्रायमरी लावायचीच नाही. त्यालाही रंग आला तर तो अख्खा संच बाद. डॅब विषारी, त्याचं पाणी सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत जमा होतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मोजणं. कुठल्या प्राण्याला औषध दिलं आणि कुठल्याला नाही, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. स्लाइडवर नुसते कोड असतात आणि त्यांची यादी दुसऱ्याकडे असते. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी हवं ते उत्तर डोळ्याला आधी दिसतं. वही पेनानेच लिहायची. चुकलं तर एकच आडवी रेघ, खाली तारीख आणि सही.

आई, काकूंना एवढंच सांग की मेंदूतल्या पेशी रंगवून मोजते.

मंगळवारी आणि बुधवारी हातात ग्लोव्ह्ज असतात, फोन उचलला नाही तर काळजी करू नका. सेक्शनची प्लेट फ्रिजमध्ये गेली की साडेआठच्या सुमारास मीच करते. हा संच मोजून झाला की काटोलला येते. बाबा, बीपीच्या गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा, बर्डीवरून घेऊन येईन.

तुमची,
ताई