खाटेला अनुदान, माणसाला का नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांचे आईवडील एकत्र जमले की बोलणे फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते : ‘आमच्या मागे याचे काय होणार?’ या प्रश्नाची धग ज्याने जवळून पाहिली आहे, तो त्याला कधीही हलके लेखणार नाही. मात्र त्यावरचा उपाय म्हणून दर वेळी एकच मागणी पुढे येते, ती म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात, जमल्यास प्रत्येक तालुक्यात, अपंगांसाठी कायमस्वरूपी निवासी संस्था काढावी. या मागणीविषयी मला काही सांगायचे आहे. मानेच्या मणक्याला झालेल्या दुखापतीमुळे गेली एकवीस वर्षे मी चाकाच्या खुर्चीत आहे आणि त्यांपैकी चार वर्षे मी अशाच एका संस्थेत काढली आहेत.

त्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका संस्थेपुरती नाही. तेथे मला कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही; पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री उठून कूस बदलून देणारी माणसे तेथे होती आणि त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण सकाळी साडेपाचला सगळ्यांना उठवले जाई, कारण रात्रपाळीचे मामा सहाला घरी जात. संध्याकाळी सहाला सगळ्यांना पुन्हा खाटेवर घेतले जाई, कारण खुर्चीतून उचलायला दोन माणसे लागत आणि ती दोघे त्यानंतर नसत. चार वर्षांत दिवेलागणीनंतरचे अंगण मी पाहिले नाही. आंघोळ सोमवारी आणि गुरुवारी, भेटीची वेळ रविवारी तीन ते पाच. एकदा एस.टी. वाटेत बंद पडल्यामुळे माझा धाकटा भाऊ सव्वापाचला पोहोचला, तेव्हा आईने दिलेला डबा फाटकावर ठेवून तो परत गेला. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पन्नास जणांना आठ जणांनी सांभाळायचे ठरले की पन्नास जणांचे आयुष्य त्या आठ जणांच्या पाळ्यांप्रमाणे चालते, मग चालवणारे कितीही भले असोत. संस्थेत सुधारणा करा, रंग द्या, दूरचित्रवाणी संच बसवा. हे मूळ गणित बदलत नाही.

हे गणित अमेरिकेतील अपंगांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखले आणि त्याविरुद्ध जे आंदोलन उभे केले, त्याची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना आहे. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळच्या एका शुश्रूषागृहात वेड ब्लँक नावाचे पाद्री नोकरीला होते. तेथे वृद्धांबरोबर अपंग तरुण-तरुणीही ठेवलेल्या होत्या. त्यांना आजार असा काही नव्हता, फक्त अंग पुसायला, कपडे चढवायला, जेवू घालायला माणूस लागत असे आणि त्या माणसाचा खर्च सरकार देत असे तो शुश्रूषागृहातच. १९७५ मध्ये ब्लँक आणि या तरुणांनी मिळून ‘अटलांटिस’ नावाचा उपक्रम सुरू केला. माणसे शहरातल्या साध्या घरांत राहायला गेली आणि मदतनीस तेथे त्यांच्याकडे येऊ लागले. घर मिळाल्यावर बाहेर पडावेसे वाटणे ओघानेच आले, आणि बाहेर पडल्यावर कळले की शहराच्या बसमध्ये चाकाची खुर्ची चढतच नाही. ५ जुलै १९७८ रोजी त्यांच्यातील एकोणीस जणांनी डेन्व्हरच्या ब्रॉडवे आणि कोलफॅक्स या रस्त्यांच्या चौकात बस अडवल्या आणि रात्रभर तेथेच मुक्काम केला. या लढ्यातून १९८३ मध्ये ‘अडॅप्ट’ ही संघटना उभी राहिली.

मार्च १९९० मध्ये याच आंदोलनातील माणसांनी वॉशिंग्टनला संसदभवनासमोर खुर्च्या आणि कुबड्या बाजूला ठेवल्या आणि दगडी पायऱ्या सरपटत चढल्या. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्या वर्षी २६ जुलै रोजी अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा झाला. एवढा मोठा विजय मिळाल्यावर दुसरी एखादी संघटना सत्कार घेत बसली असती. अडॅप्टने मात्र बसचा विषय मार्गी लागला असे मानून आपला सगळा जोर शुश्रूषागृहांकडे वळवला. गरिबांच्या आरोग्यासाठीच्या ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेतून शुश्रूषागृहांना जो पैसा जातो, त्याचा चौथा हिस्सा घरी येणाऱ्या मदतनिसांसाठी द्या, अशी त्यांची मागणी होती. ‘शुश्रूषागृहात मरण्यापेक्षा मी तुरुंगात जाईन’ अशी घोषणा देत ही माणसे वर्षानुवर्षे अटक करवून घेत राहिली.

या मागणीचे मर्म पैशाच्या वाटेत आहे. मेडिकेड ही योजना १९६५ ची. तिच्या नियमांनुसार पात्र माणसाला शुश्रूषागृहात जागा देणे राज्यांवर बंधनकारक आहे, पण त्याच माणसाला घरी मदतनीस देणे बहुतांशी राज्याच्या मर्जीवर आहे. म्हणजे संस्थेत जाणे हा हक्क आणि घरी राहणे ही मेहेरबानी. आयोवा राज्यातील केटी बेकेट या लहान मुलीला मेंदूच्या संसर्गानंतर श्वासासाठी यंत्र लागू लागले. घरी तिची देखभाल रुग्णालयापेक्षा कितीतरी कमी खर्चात झाली असती, तरी ती रुग्णालयातून बाहेर पडली असती तर मदत बंद झाली असती. १९८१ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत या नियमाचा विचित्रपणा बोलून दाखवला, तेव्हा कुठे ती घरी जाऊ शकली आणि राज्यांना घरगुती सेवांसाठी या नियमातून सवलत मागण्याची वाट मोकळी झाली.

पुढचा टप्पा न्यायालयाचा. जॉर्जिया राज्यातील लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांना बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजार दोन्ही होते. या दोघी बाहेर समाजात राहू शकतात असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी सांगितले होते, तरीही त्यांना मनोरुग्णालयातच ठेवण्यात आले. २२ जून १९९९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले की, विनाकारण संस्थेत डांबून समाजापासून तोडणे हाच भेदभाव आहे. लोइस कर्टिस पुढे स्वतःच्या घरात राहिल्या, चित्रकार झाल्या आणि २०११ मध्ये आपले चित्र त्यांनी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांना भेट दिले. २०१३ मध्ये मेडिकेडच्या दीर्घकालीन देखभालीच्या खर्चात घरच्या आणि समाजातल्या सेवांचा वाटा पहिल्यांदाच निम्म्याहून अधिक झाला. डेन्व्हरमधील त्या पहिल्या घरांपासून येथवर यायला अडतीस वर्षे लागली.

तेथे सर्व आलबेल आहे असे मी म्हणत नाही. घरच्या सेवांसाठी अनेक राज्यांत लांबलचक प्रतीक्षा याद्या आहेत, मदतनिसांना पगार कमी मिळतो, आणि मेडिकेडला कात्री लावणारे विधेयक आले तेव्हा २०१७ मध्ये, त्याच २२ जूनला, सिनेटच्या बहुमत नेत्याच्या कार्यालयाबाहेर निषेध म्हणून आडव्या पडलेल्या अडॅप्टच्या ४३ कार्यकर्त्यांना पोलिसांनी उचलून नेले. करोनाच्या साथीत तेथील शुश्रूषागृहांत आणि दीर्घकालीन देखभालीच्या इतर संस्थांत राहणारे व काम करणारे मिळून दोन लाखांहून अधिक लोक मरण पावले. एका छताखाली दुबळ्या शरीरांची दाटी करणे किती धोक्याचे असते, हे त्या आकड्याने दाखवून दिले. आपणही ते त्याआधी पाहिले होते : ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले.

आता आपल्याकडे वळतो. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. समाजात, स्वतःच्या पसंतीच्या ठिकाणी राहण्याचा हक्क त्याच्या एकोणिसाव्या कलमात आहे. अमेरिकेने या करारावर सही केली, पण त्याला आजवर अनुमोदन दिलेले नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे पाचवे कलम तर अधिक स्पष्ट आहे : अपंग व्यक्तीवर विशिष्ट प्रकारच्या निवासव्यवस्थेची सक्ती होऊ नये आणि तिला घरी व समाजात लागणारे साहाय्य, व्यक्तिगत मदतनिसासह, मिळावे यासाठी शासनाने प्रयत्न करावेत. जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख चोविसाव्या कलमात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते की, केवळ घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्या कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. म्हणजे जी वाक्ये कायद्यात यावीत म्हणून तेथे लोकांनी तुरुंग पत्करला, ती आपल्याकडे संसदेने लिहून दिलेली आहेत. नाही तो फक्त त्यामागचा पैसा. संस्थेला मान्यता मिळते, निवासींच्या मंजूर संख्येनुसार अनुदान मिळते. तोच माणूस स्वतःच्या घरी राहू म्हणाला तर त्या अनुदानातला एक रुपयाही त्याच्याबरोबर घरी जात नाही. संजय गांधी निराधार योजनेची दरमहाची रक्कम औषधे, कॅथेटर आणि डायपर यांतच संपते.

मी घरी परतू शकलो, कारण वडिलांनी वीस गुंठे जमीन विकली. त्या पैशातून स्वच्छतागृह रुंद केले, उंबरा काढला, उतार बांधला आणि पहिली दोन वर्षे मदतनिसाचा पगार दिला. आता तालुक्यातल्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे मी घरून करतो आणि सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या दोन मदतनिसांना मिळून महिन्याला अठरा हजार रुपये स्वतः देतो. खुर्चीत कसे घ्यायचे, पाठ कशी तपासायची हे त्यांना मीच शिकवले आहे. रात्री किती वाजता झोपायचे हे मी ठरवतो. पण ज्यांच्याकडे आमच्यासारखी विकायला जमीन नाही, त्यांच्या घरी हे काम आई करते. आईची कंबर गेली की वहिनी करते आणि वहिनीला जमेनासे झाले की शाळा सोडून पुतणी करते. ‘घरी सांभाळतात’ या दोन शब्दांत केवढे बिनपगारी कष्ट दडलेले असतात, हे संस्थाविरोधी भाषणे करणाऱ्यांनीही विसरू नये. मदतनिसाशिवाय घर म्हणजे घरातल्या बायकांवर लादलेली संस्थाच होय, आणि म्हणूनच थकलेले आईवडील संस्थेची मागणी करतात तेव्हा मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे तिसरा पर्याय कोणी ठेवलेलाच नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो : ज्यांना बोलता येत नाही, ज्यांचे बौद्धिक अपंगत्व तीव्र आहे आणि ज्यांच्या मागे कोणीच नाही, त्यांनी एकट्याने घरात कसे राहावे? एकट्याने राहावे असे कोणीच म्हणत नाही. चार-पाच जणांनी गावातल्याच साध्या घरात मदतनिसांसह राहावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत निवासाचा आणि ‘सहयोगी’ योजनेत मदतनिसांच्या प्रशिक्षणाचा विचार आधीच झालेला आहे. अशा घराला शेजार असतो, किराणा दुकान असते, आणि काही बरेवाईट घडले तर शेजारणीच्या कानावर जाते. गावाबाहेर पाच एकरांत, कुंपणाआड उभ्या केलेल्या इमारतीत किंचाळी कोणाला ऐकू जाणार?

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. या विभागाने नव्या निवासी संस्थांना मान्यता देण्याआधी कायद्यातला मदतनीस भत्ता ठरवावा आणि तो थेट अपंग व्यक्तीच्या खात्यात द्यावा, अशी माझी मागणी आहे, म्हणजे मदतनीस कोण हे ती व्यक्ती ठरवू शकेल. तोवर वाट पाहायचेही कारण नाही. ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंत सर्व स्थानिक संस्थांना आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची असते. आमच्या गावात ती वर्षाअखेरीस सर्वांना सारखी वाटली जाते. ज्याला एका बोटाचे अपंगत्व आहे त्यालाही तेवढीच आणि जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्यालाही तेवढीच. त्याऐवजी दोन-तीन गावांनी मिळून याच निधीतून चार मदतनीस कायम पगारावर नेमले, तर त्या गावांतली किमान सात-आठ माणसे उद्या संस्थेत जायची थांबतील आणि चार बायाबापड्यांना गावातच काम मिळेल. गेल्या ग्रामसभेत मी ही सूचना मांडली; नियमात बसत नाही असे मला तोंडी सांगण्यात आले, लेखी उत्तर अद्याप आलेले नाही.

आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी आपापल्या भागातील ग्रामपंचायतींकडे आणि नगरपालिकांकडे गेल्या तीन वर्षांत हा ५ टक्के निधी नेमका कशावर खर्च झाला, त्यातून एका तरी माणसाला मदतनीस मिळाला का, एवढे दोनच प्रश्न विचारून उत्तरे छापावीत, ही विनंती. आमच्या तालुक्याची माहिती मी माहिती अधिकारात मागवली आहे. ती हाती येताच आपल्याकडे पाठवीन.

आपला,
एक वाचक, जि. सातारा