फोन मी केला नाही, मनू

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू म्हणालीस की बाबा, तुमच्या एवढ्या वर्षांच्या ओळखी आहेत, कुणाला तरी एक फोन करा आणि माझ्या बांधकामाच्या साइटला आलेली काम थांबवायची नोटीस तेवढी मागे घ्यायला लावा. तू अगदी रडकुंडीला आली होतीस म्हणून मी काही बोललो नाही. पण फोन मी केलेला नाही आणि करणारही नाही. हे समोरासमोर सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि तू गप्प बसतेस, म्हणून लिहितोय.

आज सकाळी साडेसहाला, तू यायच्या आधीच, तुझ्या साइटवर जाऊन आलो. वॉचमनने गेट उघडलं. खड्डा दहा-बारा फूट उतरलाय, वरचे चार फूट काळी माती आणि खाली मुरूम, आणि खड्ड्याच्या बाजूंची कापणी सगळी उभी सरळ, कुठे टप्पा नाही की आधार नाही. रस्त्याच्या बाजूला तर खोदलेला माल खड्ड्याच्या अगदी ओठावर टाकलाय. पण मला भीती वाटली ती मागच्या बाजूची. शेजारची सोसायटी आपल्यापेक्षा वरच्या अंगाला आहे, तिच्या कंपाउंड भिंतीला पाठ लावून तुझ्या लेबरच्या पत्र्याच्या चार खोल्या आहेत, आणि खोल्यांच्या दारापासून सहा-सात फुटांवर खड्डा. भिंतीतली पाणी निघायची भोकं त्या पत्र्यांनी झाकून टाकलीत गं. मी एका खोलीमागे वाकून पाहिलं तर भोकात माती आणि गुटख्याच्या पुड्या गच्च बसलेल्या, आणि भिंतीच्या पायाशी जमिनीला भेग, माझ्या बोटाचं एक पेर सहज आत गेलं. पुढच्या खोलीबाहेर एक बाई चूल पेटवत होती, तिचं दोन-अडीच वर्षांचं पोर घमेल्यात बसून खेळत होतं. मला बघून ते हसलं.

त्या इंजिनियर साहेबांनी नोटिशीत हेच तर लिहिलंय, खोदकामाला आधार द्या, कडेचा माल हलवा, खोल्या भिंतीपासून लांब न्या. तू म्हणालीस त्यांना मुद्दाम त्रास द्यायचाय. मनू, त्यांनी बघितलं ते मीही बघितलं.

2019 च्या 29 जूनची रात्र आठवते का तुला? कोंढव्यात पावसाने सोसायटीची कंपाउंड भिंत खालच्या पत्र्याच्या खोल्यांवर आली, झोपलेली 15 माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. शेजारी बांधकामाचं खोदकाम चालू होतं. आणि तीन-चार दिवसांतच आंबेगावात तसंच, 6 जण गेले. त्याच्या आधी 2016 ला बालेवाडीत स्लॅब पडून 9 कामगार, पुढे फेब्रुवारी 2022 ला येरवड्यात पायाच्या सळयांची जाळी कोसळून 5 जण. ही सगळी आपल्याच पुण्यात, आपल्याच धंद्यात, बाहेरून पोट भरायला आलेली माणसं.

आणि आता तुला एक गोष्ट सांगतो जी तुझ्या आईशिवाय कुणाला नीट माहीत नाही. तू चार वर्षांची असशील, माझं धायरीला ड्रेनेज लाइनचं काम होतं, चर सात-साडेसात फूट. कामावरचे म्हातारे सुपरवायझर मला दोनदा म्हणाले, अरे चराच्या बाजूंना लाकडी बल्ल्या-फळ्यांचा आधार मार, आणि मी म्हणालो साहेब मुरूम आहे, धरतोय, दोन दिवसांत पाइप टाकून बुजवतो. बल्ल्यांचं भाडं वाचवत होतो, दुसरं काही नाही. दुपारी पाऊस येऊन गेला, ऊन पडलं आणि एका बाजूची माती नुसती बसली, आवाजसुद्धा फारसा झाला नाही, पोतं ठेवल्यासारखा धप्प. आतला बिगारी छातीपर्यंत गाडला गेला. फावडं मारावं तर त्यालाच लागेल म्हणून आम्ही पाच जणांनी हातांनी उकरलं, माझी नखं निघाली होती. तो ओरडत नव्हता कारण त्याला श्वासच पुरत नव्हता, फक्त माझ्याकडे बघत होता. वाचला तो. पाय दोन ठिकाणी मोडला आणि परत ओझं उचलायचं काम त्याला कधी झालं नाही. दवाखान्याचा सगळा खर्च मी केला पण त्याने काय भरून येतं.

दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर आधार द्यायचा, किंवा टप्पे पाडायचे नाहीतर उतार द्यायचा, खोदलेला माल कडेपासून किमान दीड मीटर मागे, हे तू कॉलेजात शिकलीस, मी असा शिकलो.

पुढे स्लॅबला येशील तेव्हाही हेच लागेल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. टेकूखाली विटांची चळत लावू देऊ नकोस, सेंट्रिंगवाले लावतातच, उंची कमी पडली की. काँक्रीट पडायच्या आधी प्रत्येक टेकू स्वतः हाताने हलवून बघ. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस आणि त्याहून मोठा असेल तर 14 दिवस काढायचे नाहीत, साच्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटला हव्यात म्हणून कुणी कितीही गळ घातली तरी. काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब पण स्लॅबला पडणाऱ्या खऱ्या मालाचेच भर, वेगळं घमेलं कालवून नाही. प्लिंथ चेकिंग, फायरची एनओसी, भोगवटा, ते कागद आर्किटेक्ट बघतील, त्याची मला काळजी नाही.

आणि हो, कामगारांना 90 दिवस काम केल्याचा दाखला दे. आपण बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का सेस भरतो तो त्यांच्याच कल्याणकारी मंडळाला जातो, पण दाखला नसला तर त्यांची नोंदणी होत नाही आणि पोरांची स्कॉलरशिप, दवाखाना सगळं अडतं. बरेच ठेकेदार टाळतात. तू टाळू नकोस.

पैशाचं मला कळतं बेटा. आठ-दहा दिवस काम बंद म्हणजे जेसीबीचं भाडं अंगावर, लेबर पळून जाणार, मालक रोज फोन करणार. शनिवारची आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी आजच कॅन्सल कर. गोडाऊनमध्ये माझे लोखंडी चॅनेल आणि पन्नासेक बल्ल्या आहेत, त्या घे, पण आधार कसा द्यायचा ते आरसीसी कन्सल्टंटकडून ड्रॉइंगवर घे, माझ्या किंवा मुकादमाच्या अंदाजाने नको. मालकाशी मी बोलेन, तो फोन मात्र मी नक्की करतो.

खोल्यांचं उद्यावर टाकू नकोस. आज रात्री पाऊस सांगितलाय. आपल्या गोडाऊनची चावी वॉचमनकडे देऊन आलोय, मधला हॉल झाडून घेतलाय, चारही कुटुंबं तिथे मावतात. टेम्पो पाच वाजता साइटवर येईल, तू तिथे थांब, त्या बाईला सामान उचलायला मदत लागेल.

तुझा,
बाबा