१ नोव्हेंबर १९५४ : पुदुच्चेरी आणि अल्जीरिया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पुदुच्चेरीवरचा लेख वाचला. छायाचित्रे फार सुरेख आहेत. पण गोव्यातून पोर्तुगीजांना हाकलावे लागले आणि फ्रेंच मात्र मनाच्या मोठेपणाने निघून गेले, हा त्यातला सूर मनाला लागला. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. वर्गात मीही हेच सांगत आलो, याची आज खंत वाटते, म्हणून हे पत्र.

पुदुच्चेरीचा ताबा भारताकडे आला १ नोव्हेंबर १९५४ रोजी. नेमक्या त्याच दिवशी, मध्यरात्र उलटताच, फ्रान्सच्याच ताब्यातल्या उत्तर आफ्रिकेतील अल्जीरियात ठिकठिकाणी स्फोट झाले आणि साडेसात वर्षांचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. पॅरिसमधले सरकार एकच, पंतप्रधानही एकच, पिएर मेंदेस-फ्रान्स. इकडे झेंडा शांतपणे उतरवला, तिकडे फौजा धाडल्या. मोठेपणा म्हणावा तर तो अल्जीरियाच्या वाट्याला का आला नाही?

कारण साधे आहे. फ्रेंचांचे भारतातले साम्राज्याचे स्वप्न १७६१ मध्येच मोडले होते. १४ जानेवारीला पानिपतावर आपली धूळधाण झाली (तिथे तोफा डागणारा इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनापती बुसीच्याच तालमीत तयार झालेला), आणि त्याच आठवड्यात पुदुच्चेरी इंग्रजांनी घेतली. पुढे तहात ती परत मिळाली, तरी उरल्या त्या मोजक्या वखारी आणि बंदरे. अल्जीरियाचे तसे नव्हते. १८३० पासून जिंकत नेलेला तो मुलुख १८४८ पासून फ्रान्सचेच जिल्हे म्हणून कारभारात धरला जाई. जवळपास दहा लाख युरोपीय तिथे घरे-मळे करून राहिले होते. ‘अल्जीरिया म्हणजे फ्रान्सच’ असे तेव्हाचे गृहमंत्री फ्रान्स्वा मितराँ संसदेत म्हणाले, आणि त्या वाक्यावर पुढे किती माणसे मेली! त्याआधीही ८ मे १९४५ ला, युरोपात विजयाचा जल्लोष चालू असताना, सेतिफ गावच्या मिरवणुकीत अल्जीरियाचा झेंडा धरणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत हजारो लोक मारले गेले.

पुदुच्चेरी तरी सुखासुखी मिळाली का? ३० जुलै १९३६ रोजी तिथल्या संपकरी गिरणी कामगारांवर गोळीबार होऊन बाराजण ठार झाले. १९५४ च्या जूनमध्ये यानम आणि जुलैमध्ये माहे ही फ्रेंचांची ठाणी लोकांनी आंदोलन करून मोकळी केली. त्या वर्षीच्या ७ मे रोजी व्हिएतनाममध्ये फ्रेंचांचा दिएन बिएन फूचा तळ पडला होता आणि त्यांचे दहा हजारांवर सैनिक कैद झाले होते. हात असे पोळल्यावर १८ ऑक्टोबरला कीळूर गावी १७८ लोकप्रतिनिधींनी मतदान केले, १७० जणांनी भारताच्या बाजूने कौल दिला आणि दोन आठवड्यांत ताबा मिळाला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पुदुच्चेरीला गेलो होतो. ज्या घरी उतरलो तिथल्या आजींनी कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत त्यांच्या वडिलांची फ्रेंच सैन्यातली दोन पदके, फिती विटून गेलेल्या. आजी एकेक पदक पदराने पुसून माझ्या हातावर ठेवत होत्या. ‘अप्पा सायगॉनहून आले ते बोलेनासेच झाले,’ एवढेच म्हणाल्या. तमिळ माणूस, अंगावर फ्रेंच गणवेश आणि समोर स्वतःच्या मुलखासाठी लढणारे व्हिएतनामी. दिएन बिएन फूच्या खंदकांतही फ्रान्ससाठी लढणाऱ्यांत अल्जीरियन आणि मोरोक्कन पलटणी होत्या. त्या डब्याची आठवण झाली की ‘मोठेपणा’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली. १९५४ साली मिळाला तो फक्त ताबा. कायदेशीर हस्तांतराचा करार २८ मे १९५६ रोजी झाला, पण अल्जीरियाचा निकाल लागेपर्यंत फ्रेंच संसदेने त्याला मंजुरी दिली नाही. अल्जीरिया ५ जुलै १९६२ रोजी स्वतंत्र झाला आणि पुदुच्चेरी कायद्याने आपली झाली त्याच वर्षी १६ ऑगस्टला. म्हणजे आपल्या हक्काचा कागद पुरा व्हायला दूरच्या त्या लोकांचे रक्त सांडून संपावे लागले. आणि त्या लढाईला ‘युद्ध’ म्हणायला फ्रेंच कायद्याला १९९९ साल उजाडावे लागले!

पुदुच्चेरीत १ नोव्हेंबर हा मुक्तिदिन असतो, अल्जीरियातही तोच राष्ट्रीय दिवस असतो. आपल्या ‘दिनविशेष’मध्ये दरवर्षी त्या तारखेखाली पुदुच्चेरी येते. यंदा तिच्याखाली अल्जीरियाचीही एक ओळ छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा